कागदोपत्री परकी

ऑनसाइटला कॅलिफोर्नियात होते तेव्हाची गोष्ट. आमचं रिलीज नेहमी रात्रीच निघायचं. (का, ते आयटीवाल्यांना सांगायला नको!) साडेसात-आठला मजला रिकामा झाला की सफाईवाली बाई ढकलगाडी घेऊन यायची. पन्नाशीची असावी. तिचं इंग्रजी बेताचं आणि माझं स्पॅनिश शून्य. पण त्या वेळी अख्ख्या मजल्यावर आम्ही दोघीच, त्यामुळे ओळख झालीच. ती मला 'मिहा' म्हणायची, म्हणजे 'पोरी'. मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणायचे, पुण्याच्या ऑफिसात म्हणतो तसं.

एकदा तिने विचारलं, "पापेलेस?" म्हणजे कागद. तुझे कागद आहेत ना नीट? मी म्हटलं, आहेत, पण तीन वर्षांपुरते. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाही मिळाली तर बॅगा भरायच्या. यातलं तिला किती कळलं कोण जाणे, पण तिने मान डोलावली. 'कागद' हा शब्द आम्हा दोघींच्या तोंडी एकाच अर्थाने येतो, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

मग एका सोमवारी गाडी ढकलत दुसरीच बाई आली. पहिली आजारी होती, तिचं काम सुटलं की आणखी काही झालं, मी कुणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण व्हिसावरच्या माणसाला एक सवय जडते. आपण बरं, आपलं काम बरं. नसत्या भानगडीत नाव यायला नको.

परत आल्यावर वर्षभराने विकी रुईझ या इतिहासकार बाईंचं 'कॅनरी विमेन, कॅनरी लाइव्ह्ज' हे पुस्तक वाचलं. इथे कॅनरी म्हणजे पक्षी नव्हे, फळं-भाज्या डब्यात बंद करणारा कारखाना. त्या पुस्तकात लुईसा मोरेनो भेटली आणि ती सोमवारची गोष्ट पुन्हा डोक्यात घोळायला लागली. म्हणून आज लुईसाबद्दल लिहिते आहे.

मुळात लुईसा मोरेनो हे तिचं नाव नव्हतंच. ३० ऑगस्ट १९०७ रोजी ग्वाटेमाला सिटीत ती जन्मली तेव्हा नाव ठेवलं होतं ब्लांका रोसा रोद्रिगेस लोपेस. ग्वाटेमाला म्हणजे मेक्सिकोच्या खालचा, कॉफी आणि केळ्यांवर जगणारा छोटासा देश. कॉफीचा पैसा ज्यांच्या घरात, देशातला शब्दही त्यांचाच चालायचा. ब्लांका रोसा अशाच बड्या घरची लेक. नऊ वर्षांची असताना तिला कॅलिफोर्नियात ओकलंडच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकायला धाडलं. म्हणजे पुढे ज्या देशाने तिला 'परकी' म्हणून घालवलं, त्या देशाची भाषा ती लहानपणीच शिकली होती.

मायदेशी परतल्यावर तिला विद्यापीठात जायचं होतं. पण मुलींना तिथे दार बंद. मग तिने आपल्यासारख्याच सुखवस्तू घरच्या काही मुली जमवल्या, चिलीची कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल हिच्या नावाने एक मंडळ काढलं आणि मुलींच्या प्रवेशासाठी खटपट सुरू केली. दार उघडलं. गंमत म्हणजे ते उघडल्यावर ही बया आत गेलीच नाही! एकोणिसाव्या वर्षी घर सोडून मेक्सिको सिटीला निघून गेली. तिथे वर्तमानपत्रात लिहिलं, कविता केल्या, १९२७ मध्ये कवितांचं एक पुस्तकही निघालं. तिथेच एका चित्रकाराशी लग्न केलं आणि ऑगस्ट १९२८ मध्ये दोघं बोटीने न्यूयॉर्कला उतरली. तेव्हा ती गरोदर होती.

इथवर ही एका बंडखोर श्रीमंत मुलीची गोष्ट आहे. तशा गोष्टी आपण पुष्कळ वाचलेल्या असतात. वेगळेपण इथून पुढे सुरू होतं.

नोव्हेंबरात मुलगी झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात वॉल स्ट्रीट गडगडलं आणि महामंदी आली. नवऱ्याला काम नाही, पदरात तान्हं मूल. कविता करणारी ब्लांका रोसा स्पॅनिश हार्लेममध्ये शिलाई मशीनवर बसायला लागली. ही शिलाईची दुकानं म्हणजे कोंदट खोल्या, नगावर मजुरी, आणि बाई जास्त बोलली तर उद्यापासून येऊ नकोस. आजूबाजूला पोर्तो रिको, क्यूबा, मेक्सिकोहून आलेल्या बायका. त्यातल्याच एका मैत्रिणीच्या तान्ह्या बाळाचा चेहरा उंदराने कुरतडला होता. म्हातारपणी आपल्या कामाविषयी बोलताना तिला ही आठवण सांगावीशी वाटली, यावरून काय ते समजा. तिने शिलाई करणाऱ्या बायकांची एक लहानशी संघटना उभी केली, 'ला लिगा दे कोस्तुरेरास'. दिवसा मशीन, संध्याकाळी बैठका.

१९३० मध्ये ती कम्युनिस्ट पक्षाची सभासद झाली आणि १९३५ मध्ये बाहेर पडली. ही पाच वर्षं लक्षात ठेवा, शेवटी त्यांचा हिशेब होणार आहे. मला त्या पक्षाचं काही कौतुक नाही. तिकडे रशियात त्याच काळात काय चाललं होतं ते आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९३० साली हार्लेममध्ये घरभाड्यावरून रस्त्यावर काढलेल्या कुटुंबाचं सामान परत घरात नेऊन ठेवायला कोण यायचं, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा हेच मिळायचं. सभासद व्हायला माणसं कार्ल मार्क्स वाचूनच येतात असं नाही.

१९३५ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या मोठ्या कामगार महासंघाने तिला फ्लोरिडात सिगार कामगारांमध्ये काम करायला पाठवलं. संसार मोडकळीला आला होता. मुलीला घेऊन ती निघाली.

फ्लोरिडातल्या टँपा शहराला लागून ईबोर सिटी नावाची वस्ती होती. क्यूबन, स्पॅनिश आणि इटालियन लोकांची. सगळ्यांचा धंदा एकच, हाताने सिगार वळणं. या कारखान्यांमध्ये 'लेक्तोर' नावाची एक भन्नाट पद्धत होती. कामगार ओळीने बसून सिगार वळताहेत आणि मधे उंच मचाणावर बसून एक माणूस मोठ्याने वाचतोय. सकाळी वर्तमानपत्रं, नंतर कादंबऱ्या. आपल्या आज्या वाती वळता वळता पोथी ऐकायच्या ना, तसं. लेक्तोरचा पगार मालक देत नसे, कामगार वर्गणी काढून देत. त्यामुळे काय वाचायचं तेही कामगारच ठरवत. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही जगाची खबर असायची. अर्थात मालकांना ही भानगड वाटली आणि १९३१ मध्ये त्यांनी लेक्तोर बंद केले. लुईसा पोचली ती या हुशार, चिडलेल्या आणि गप्प केलेल्या लोकांमध्ये.

तेव्हाचा फ्लोरिडा म्हणजे कू क्लक्स क्लॅनचा फ्लोरिडा. १९३५ च्याच शेवटी टँपात एका समाजवादी कार्यकर्त्याला चाबकाने फोडून अंगावर डांबर ओतलं होतं, त्यात तो मेला. महासंघाने अशा ठिकाणी एका बाईला पाठवलं, कारण बाईवर हात टाकायला क्लॅनवाले कचरतील असा त्यांचा हिशेब होता म्हणे! म्हणजे पुरुष कार्यकर्त्यांची चिंता, आणि ही गेली तर गेली.

इथेच तिने नाव बदललं. ब्लांका म्हणजे गोरी, पांढरी. मोरेनो म्हणजे सावळा. गोऱ्या कातडीची, श्रीमंत घरची ब्लांका रोसा उलटं वळण घेऊन 'मोरेनो' झाली. आणि लुईसा का? रुईझबाईंचा तर्क असा की लुईसा कापेतियो या पोर्तो रिकोच्या कामगार पुढारी बाईंवरून. या कापेतियोबाई सुमारे वीस वर्षांपूर्वी ईबोर सिटीतच लेक्तोर म्हणून वाचन करत. नाव बदलल्याने ग्वाटेमालातल्या घरच्यांना त्रास होणार नव्हता हाही भाग असेल. पण नाव बदलून माणसं सहसा वरच्या पायरीवर जातात. ही खाली उतरली आणि तिथेच राहिली.

फ्लोरिडात तिने १३,००० सिगार कामगारांसाठी करार घडवून आणला. मग महासंघाच्याच वरिष्ठांनी त्यात मालकांच्या सोयीचे बदल केले. तेव्हा लुईसाने कामगारांना सांगितलं, हा करार नाकारा. वरिष्ठांनी तिची बदली केली पेनसिल्व्हेनियात. (काही गोष्टी कुठल्याच संस्थेत बदलत नाहीत.) अखेर तिने तो महासंघ सोडला आणि सीआयओ या नव्या महासंघात गेली. तिथे तिला आपलं खरं घर सापडलं. शेतीमाल, डबाबंद फळं, तंबाखू वगैरे कामगारांची 'उकापावा' नावाची युनियन.

१९३८ च्या जानेवारीत टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत पेकान फोडणाऱ्या सुमारे १२,००० कामगारांनी संप केला. पेकान म्हणजे अक्रोडासारखं एक फळ. कवच फोडून गर अख्खा काढायचा. हाताने. बहुतेक सगळ्या मेक्सिकन बायका, आठवड्याची कमाई दोन-तीन डॉलर, बंद खोल्यांमध्ये भुशाची धूळ आणि घरोघरी क्षयरोग. संपाची ठिणगी टाकली होती एमा तेनायुका या एकवीस वर्षांच्या मुलीने. लुईसाला युनियनने मदतीला धाडलं. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकडोंना अटक केली. तरी माणसं हटली नाहीत आणि सदतीस दिवसांनी मालक लवादाला तयार झाले. पण त्याच वर्षी तासाला २५ सेंट किमान वेतनाचा कायदा आला, तेव्हा मालकांनी मजुरी वाढवण्यापेक्षा यंत्रं आणली आणि हजारो बायका घरी बसल्या. हे मुद्दाम सांगते, कारण अशा लेखांत प्रत्येक लढा जिंकल्यासारखा लिहायची पद्धत आहे. तसं नसतं.

आता थोडी पार्श्वभूमी. मंदी आल्यावर अमेरिकेत एक ओरड सुरू झाली, की मेक्सिकन लोक आपल्या नोकऱ्या खातात. मग १९३१ पासून लॉस एंजेलिससारख्या शहरांतून गाड्या भरभरून लोकांना मेक्सिकोला पाठवायला लागले. काहींना धाकदपटशाने, काहींना सरकारी मदत बंद करून, काहींना नुसत्या भीतीने. दहा वर्षांत गेलेल्यांचा आकडा अभ्यासकांनी वेगवेगळा दिला आहे, पण कमीत कमी धरला तरी काही लाख. आणि त्यातली पुष्कळ माणसं, विशेषतः मुलं, अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने पक्की अमेरिकन नागरिक होती! कागद होते, तरी पाठवलं. कॅलिफोर्निया राज्याने याबद्दल माफी मागितली ती २००५ मध्ये.

या वातावरणात लुईसाच्या डोक्यात एक कल्पना आली. सिगारवाले फ्लोरिडात, पेकानवाल्या टेक्ससमध्ये, फळं तोडणारे कॅलिफोर्नियात, शिलाईवाल्या न्यूयॉर्कमध्ये. क्यूबन, पोर्तो रिकन, मेक्सिकन, आणि अमेरिकेतच पिढ्यानपिढ्या राहिलेले स्पॅनिश बोलणारे लोक. प्रत्येकजण आपापल्या गल्लीत. यांना एका मांडवाखाली आणलं तर? आज 'लॅटिनो' हा शब्द आपण सहज वापरतो. पण हे सगळे मिळून एक समाज आहे, हे तेव्हा त्या लोकांनाही फारसं माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, कारण ती त्या सगळ्या गल्ल्यांत राहून आली होती.

तिने युनियनमधून रजा घेतली, साठवलेले ५०० डॉलर काढले आणि देशभर वस्त्यांमधून फिरायला लागली. वर्षभर माणसं जोडली. २८ ते ३० एप्रिल १९३९ या तीन दिवसांत लॉस एंजेलिसमध्ये 'एल कोंग्रेसो दे पुएब्लोस दे आब्ला एस्पान्योला' भरली, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची परिषद. शंभराहून जास्त संस्था, हजारावर प्रतिनिधी. लॉस एंजेलिसमधली बाजू होसेफिना फिएर्रो या तरुण कार्यकर्तीने लावून धरली. मागण्या वाचल्या तर विश्वास बसत नाही की या १९३९ च्या आहेत. घरं, शाळा, नोकऱ्या यांतला भेदभाव बंद करा. स्थलांतरितांना हद्दपारीच्या भीतीशिवाय राहू द्या, काम करू द्या. मुलांना दोन्ही भाषांत शिकवा. लोकांनी नागरिकत्व जरूर घ्यावं, पण त्यासाठी आपली भाषा आणि रीतीभाती टाकायची गरज नाही.

ही शेवटची मागणी वाचून मी थांबलेच. 'यांना इथे राहायचं तर यांनी आपली भाषा सोडावी' आणि 'आमची भाषा जपायची तर इथले होऊच नका', ही दोन्ही टोकं आपण ऐकत असतो. तिने ती दोन्ही एका वाक्यात निकालात काढली होती.

पुढच्या वर्षी, मार्च १९४० मध्ये, वॉशिंग्टनला परदेशी जन्मलेल्यांच्या हक्कांसाठीच्या परिषदेत तिने भाषण केलं. त्याचं शीर्षकच होतं 'दुःखाचे तांडे'. तिचं म्हणणं थोडक्यात असं. या लोकांनी रूळ टाकले, वाळवंटात शेती पिकवली, आपलं तारुण्य आणि कष्ट या मातीत घातले. त्यांच्याकडे नागरिकत्वाचा कागद नसेल, पण ते परके नाहीत. आणि त्यांना परकं ठेवण्यात कुणाचा तरी फायदा आहे, कारण ज्याला हाकलता येतं त्याला कमी पैशांत राबवता येतं.

हा हिशेब आपल्यालाही कळतो. आमच्यातले किती जण पगारवाढ मागताना दोनदा विचार करायचे, कारण ग्रीन कार्डची फाइल कंपनीच्या हातात! आमची आणि फळं तोडणाऱ्यांची बरोबरी नाही, आम्ही एसीत बसलो होतो. पण दोरी त्याच जातीची.

१९४१ मध्ये लुईसा उकापावाची राष्ट्रीय उपाध्यक्ष झाली. अमेरिकन युनियनमध्ये इतक्या वरच्या पदावर पोचलेली ती पहिली लॅटिना मानली जाते. आणि ती पोचली कॅलिफोर्नियाच्या कॅनऱ्यांमध्ये.

इथे एक तांत्रिक मुद्दा. १९३५ च्या कामगार कायद्याने युनियन करायचा हक्क दिला, पण शेतमजुरांना त्यातून वगळलं. म्हणजे झाडावरून पीच तोडणाऱ्याला संरक्षण नाही, आणि तोच पीच कारखान्यात सोलून डब्यात भरणारीला आहे. म्हणून युनियनने शेतांपेक्षा कारखान्यांवर जोर दिला. आम्ही कोडमध्ये लूपहोल शोधतो तसा हा कायद्यातला शोध.

कॅनरीतलं काम म्हणजे सरकत्या पट्ट्यासमोर तासन् तास उभं राहायचं. पीचच्या सालीवरची लव अंगाला लागून खाज सुटायची, टोमॅटोच्या रसाने हात सोलायचे, खाली जमीन सतत ओली. हंगामात बारा-बारा तास, हंगाम संपला की घरी. पुरुषांची कामं वेगळी आणि पगारही जास्त. लॉस एंजेलिसच्या एका कॅनरीत १९३९ मध्ये संप झाला तेव्हा कामगार बायकांची मुलं थेट मालकांच्या घरासमोर जाऊन उभी राहिली, हातात फलक, की आईला पगार पुरेसा नाही म्हणून आम्ही उपाशी आहोत. तो संप आधीच्या कार्यकर्त्यांनी जिंकला होता. लुईसाने त्यावर मजले चढवले.

तिची पद्धत साधी होती. भाषण ठोकून निघून जायचं नाही. कारखान्यातल्याच बायकांना तयार करायचं, वाटाघाटींच्या टेबलावर त्यांनाच बसवायचं. १९४२ मध्ये फुलर्टनच्या व्हाल व्हिटा या प्रचंड कॅनरीत, जिथे बहुतेक कामगार मेक्सिकन बायका होत्या, युनियनने निवडणूक जिंकली. तिथल्या बायकांची मोठी अडचण पगार ही नव्हतीच. मुलांना ठेवायचं कुठे? काही जणी मुलांना बाहेर गाडीत कोंडून आत कामाला जात. युनियनने कारखान्यातच पाळणाघर मिळवलं. या युनियनच्या करारांमध्ये समान कामाला समान पगार आणि बाळंतपणाच्या रजेनंतर ज्येष्ठता कायम, अशी कलमं यायला लागली. १९४० च्या दशकात! आपल्याकडे आजही पाळणाघराची यादी घेऊन फिरणाऱ्या मैत्रिणी डोळ्यांसमोर आल्या.

आणि इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर मिळवणाऱ्या लुईसाची स्वतःची मुलगी सातव्या वर्षापासून कित्येक वर्षं ओळखीच्या कामगार कुटुंबांकडे वाढली, कारण आई सतत फिरतीवर. सेवेला वाहिलेलं आयुष्य असं आपण फटकन म्हणतो, पण त्याचे हप्ते घरातल्यांनाही भरावे लागतात. पुरुष पुढाऱ्याच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारतही नाही, तेही खरं.

युद्धाच्या काळात लॉस एंजेलिसचं वातावरण बिघडलं. १९४२ मध्ये 'स्लीपी लगून' नावाने गाजलेल्या खटल्यात पुराव्याशिवाय मेक्सिकन तरुणांना घाऊक अटक झाली, १७ जणांना शिक्षा झाल्या. जून १९४३ मध्ये नौसैनिकांनी रस्त्यात दिसेल त्या मेक्सिकन पोराला मारलं, कपडे फाडले. लुईसा आणि होसेफिना त्या तरुणांच्या बचाव समितीच्या कामाला लागल्या. १९४४ मध्ये वरच्या कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या.

१९४७ मध्ये तिने युनियनचं काम थांबवलं. चाळिशी आली होती. ग्रे बेमिस नावाच्या भल्या माणसाशी लग्न करून सॅन दिएगोत घर केलं. आता जरा निवांत, असं वाटत असतानाच दारावर थाप पडली.

शीतयुद्ध सुरू झालं होतं. कॅलिफोर्नियात जॅक टेनी या सिनेटरची समिती 'अमेरिकाविरोधी' माणसं शोधत होती. लुईसाला १९४८ मध्ये चौकशीला बोलावलं. ती १९३० ते १९३५ ची पाच वर्षं बाहेर काढली गेली. १९४० च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणूस पूर्वी कधी अशा संघटनेत होता एवढंही हद्दपारीला पुरायचं. वीस वर्षं या देशात काढली, मुलगी इथे जन्मली, नवरा इथला. पण कागदोपत्री ती परकी.

आणि मग सौदा समोर आला. हॅरी ब्रिजेस या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याला सरकार कित्येक वर्षं अडकवू पाहत होतं. मूळचा ऑस्ट्रेलियन. तो कम्युनिस्ट आहे हे सिद्ध करून त्याचं नागरिकत्व काढून घ्यायचं होतं. लुईसाला सांगितलं गेलं, ब्रिजेसविरुद्ध साक्ष दे, तुला नागरिकत्व मिळेल.

घर, संसार, मुलगी, सगळं एका साक्षीवर. आणि बदल्यात तो कागद, जो मिळवण्यात आमची अख्खी पिढी वयाची दहा-पंधरा वर्षं घालवते. तिने नाही म्हटलं. आत्मा गहाण टाकून मिळालेलं स्वातंत्र्य आपल्याला नको, अशा अर्थाचं तिचं उत्तर प्रसिद्ध आहे.

३० नोव्हेंबर १९५० रोजी ती नवऱ्याबरोबर सीमा ओलांडून मेक्सिकोत गेली. सरकारी नोंद काय झाली माहीत आहे? 'हद्दपारीच्या वॉरंटखाली स्वेच्छेने प्रस्थान'! स्वेच्छेने! ब्रिजेसवरचा खटला सुप्रीम कोर्टाने १९५३ मध्ये रद्द केला. तो नागरिक म्हणून अमेरिकेतच राहिला. ती गेली ती गेलीच.

दोघं ग्वाटेमालात राहायला गेली. तिथे निवडून आलेलं, जमीन सुधारणा करणारं सरकार होतं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने ते उलथवलं आणि या दोघांना पुन्हा पळावं लागलं. म्हणजे एकाच देशाने तिला दोनदा घराबाहेर काढलं, एकदा स्वतःच्या हद्दीतून आणि एकदा तिच्याच मायदेशातून. पुढे मेक्सिको, १९६० मध्ये नवऱ्याचा मृत्यू, काही काळ क्यूबा, मग तिहुआनात एक छोटी आर्ट गॅलरी. ४ नोव्हेंबर १९९२ रोजी ग्वाटेमालात ती वारली. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना तोवर तिचा विसर पडला होता.

ती विस्मरणातच गेली असती, पण १९७८ मध्ये विकी रुईझ नावाची एक विद्यार्थिनी तिला शोधत मेक्सिकोत ग्वादालाहाराला पोचली. रुईझला तिचं चरित्र लिहायचं होतं. लुईसाने तिला सांगितलं, माझ्यावर नको, कॅलिफोर्नियातल्या कॅनरी कामगार बायकांवर प्रबंध लिही, त्यांना शोध. १९८७ मध्ये निघालेलं, सुरुवातीला सांगितलेलं पुस्तक ते हेच. वाचताना मला राहून राहून हेच आठवत होतं, की सत्तरीतल्या, हद्दपार झालेल्या बाईला कुणीतरी 'तुमच्याबद्दल सांगा' म्हणून विचारायला आलंय आणि ती बोट दाखवतेय पट्ट्यासमोर उभ्या राहणाऱ्या बायकांकडे.

मी काही लुईसा नाही. सौद्याची वेळ माझ्यावर आली तर मी काय करीन, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण माझ्यासमोर सौदा नव्हताच. फक्त एक प्रश्न विचारायचा होता, 'ती आधीची बाई कुठे आहे?' एवढाच. तोही मी गिळला, आणि त्याला समजूतदारपणा म्हटलं.

गेल्या महिन्यात आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या मावशी आठवडाभर दिसल्या नाहीत. या वेळी जाऊन विचारलं. त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं, सगळं व्यवस्थित. मावशी परत आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही विचारत होतात म्हणे?" आणि मला पेढा दिला.